लेखी संमतीशिवाय

नागपुरात दोन गाड्या एकमेकींना नुसत्या घासल्या तरी निकाल लागायला फार वेळ लागत नाही. दोन्ही चालक अजून सीटबेल्टशी झटत असतात, आणि तोवर कोपऱ्यावरच्या पानठेल्यात खर्रा घोटणारा माणूस मान वर न करता सांगून मोकळा झालेला असतो, "पांढऱ्या गाडीवाल्याची चूक हाये." पांढऱ्या गाडीवाला काच खाली करून अपील दाखल करतो. अपील ऐकायला एक निवृत्त गृहस्थ, कॉलेजची दोन पोरं, पार्सल पोचवून परतणारा एक जण आणि घटना घडली तेव्हा पलीकडच्या गल्लीत असलेला एक प्रत्यक्षदर्शी, असं पूर्ण पीठ हजर असतं. "इंडिकेटर देऊन राहिलो होतो ना मी!" असं एक पक्ष म्हणतो. "देऊन राहिले होते, पण उजवीकडचा देऊन डावीकडे वळले ना भाऊ," असं दुसरा म्हणतो. सिग्नल हिरवा होईस्तोवर खटला संपलेला असतो आणि न्यायमूर्ती आपापल्या स्कूटरला किक मारून पांगलेले असतात.

या पीठाचा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण पक्का आहे. ट्रक आणि कार यांत ट्रकची चूक, कार आणि स्कूटरमध्ये कारची, स्कूटर आणि सायकलमध्ये स्कूटरची, सायकल आणि पायी चालणाऱ्यात सायकलची. मध्ये गाय आली तर सगळ्यांची, गाय सोडून. सुशिक्षित लोक यावर चिडतात. मला मात्र त्यात शहाणपण दिसतं. ज्याच्या हाताखाली जास्त लोखंड त्याने जास्त सांभाळावं, हे नेदरलँड्समध्ये कायद्यानेच मानलं आहे. तिथे मोटारीची सायकलवाल्याला धडक बसली तर जबाबदारी मोटारवाल्यावर येऊन पडते आणि ती सहजासहजी झटकता येत नाही. आपल्याकडे तिथवर यायला वेळ लागला. १९७७ साली मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चालकाची चूक सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. मग १९८२ मध्ये संसदेने कायद्यात नवं कलम घातलं: मृत्यूला पंधरा हजार, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार, आणि चूक कोणाची हे विचारायचं नाही. आज तोच आकडा मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहे. २०१९ ची ती दुरुस्ती संसदेत आणणारे मंत्री नागपूरचेच खासदार, नितीन गडकरी. पानठेल्याला त्याचं श्रेय कोणी दिल्याचं ऐकलं नाही.

एवढ्या साक्षी, एवढे युक्तिवाद, पण चौकात एक वाक्य कधी ऐकू येत नाही. "माझं चुकलं." ते वाक्य म्हणण्याची आमच्या गावात रीत नाही. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने छप्पन्न अंश तापमान दाखवलं, देशभर बातमी गेली, आणि नंतर हवामान खात्याने तपासून सांगितलं की सेन्सर बिघडला होता. शहरात रीतसर चूक मान्य झाल्याचा मला आठवणारा हा शेवटचा प्रसंग, आणि तीही यंत्राची. बाकीच्या चुकांसाठी मारबतीची सोय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे निघतात. खड्ड्यांपासून महागाईपर्यंत ज्याच्यावर राग असेल त्याचा पुतळा करून गावभर मिरवतात आणि जाळतात. सार्वजनिक चुकीची इतकी झकास विल्हेवाट दुसऱ्या कुठल्या शहराला साधली असेल असं वाटत नाही. खासगी चुकीचं मात्र ज्याचं त्याने बघायचं.

मे महिन्यात हे प्रकरण आणखी नाजूक होतं. पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा मोठ्या चौकांत डोक्यावर हिरव्या जाळ्या ताणतात, आणि बऱ्याच ठिकाणी दुपारचे सिग्नल बंद करतात किंवा नुसते पिवळे लुकलुकत ठेवतात. माणसं उन्हात तापत उभी राहू नयेत म्हणून. दयाळू निर्णय आहे. फक्त सिग्नल बंद पडला की नियम बंद पडत नाही. १९८९ च्या नियमांत होतं, आणि २०१७ मध्ये नवे नियम आले तरी तत्त्व तेच राहिलं: जिथे सिग्नल नाही आणि पोलीसही नाही तिथे मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं, आणि तसा भेद नसेल तर आपल्या उजव्या हाताने येणाऱ्याला. आता मुख्य रस्ता कोणता, असं नागपुरात विचाराल तर ज्यावरून मी येऊन राहिलो तो. आणि उजव्या हाताचं म्हणाल, तर लक्ष्मीनगरच्या आठ रस्ता चौकाचा विचार करून पाहा. आठ दिशांनी आठ कायदेपंडित एकाच वेळी आले, तर प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असणारच. नियम पाळायचा तर आठही जण "आधी आपण, आधी आपण" करत संध्याकाळपर्यंत उभे राहतील. तसं घडत नाही, कारण हा नियम ठाऊक असलेला माणूस रस्त्यावर सहसा सापडत नाही.

असा एक माणूस आमच्या नात्यातच आहे. आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. रिकाम्या रस्त्यावर रात्री अकरा वाजता लाल दिव्याला थांबणारे, आणि मागून हॉर्न वाजला तर खाली उतरून वाजवणाऱ्याला दिवा दाखवणारे. एका मे महिन्यातल्या दुपारी, पिवळा दिवा लुकलुकत असलेल्या एका चौकात, डावीकडून आलेल्या एका तरुणाच्या गाडीने भाऊजींच्या गाडीला डाव्या अंगाला पुढून ठोकलं. कोणाला लागलं नाही. बंपर निखळला, दार आत गेलं, आरसा लोंबकळला. भाऊजी उतरले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि त्या मुलाला शांतपणे म्हणाले, "मी तुमच्या उजवीकडे होतो. नियमाप्रमाणे तुम्ही मला आधी जाऊ द्यायला पाहिजे होतं."

मुलगा प्रामाणिक होता. तो म्हणाला, "काका, मी तर तुम्हाला पाहिलंच नाही. उजवीकडे काय अन् डावीकडे काय!"

भाऊजींच्या दृष्टीने हा कबुलीजबाब होता. पण तोवर पानठेल्याचा निकाल आला. "काकांची चूक हाये. या वयात अशा उन्हात कायले गाडी काढून राहिले?"

बंपरचं दुःख भाऊजींनी तिथेच गिळलं असतं. हा निकाल त्यांना गिळवेना. त्या क्षणापासून त्यांना गाडी दुरुस्त करून नको होती. त्यांना कोणातरी अधिकारी व्यक्तीकडून लेखी हवं होतं की चूक त्यांची नव्हती. आणि इथूनच त्यांच्या हालांना सुरुवात झाली, कारण ही वस्तू कुठे मिळते हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

पहिल्यांदा ते ठाण्यात गेले. हवालदाराने आस्थेने विचारलं, "कोणाले लागलं का? नाई ना? मंग आपसात करून घ्या ना काका." डायरीत नोंद झाली: अमुक वाजता, अमुक चौकात, दोन वाहनांची परस्परांस धडक. "परस्परांस" या शब्दावर भाऊजींनी हरकत घेतली. हवालदार म्हणाला, "तो आमचा नेहमीचा शब्द आहे."

मग त्यांनी विमा कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीला त्यांनी चौकाचा भूगोल, उन्हाची दिशा आणि उजव्या हाताचा नियम समजावून सांगितला. ती सगळं ऐकून म्हणाली, "ओके सर. गाडी चालू स्थितीत आहे का?"

तिचं चुकलं नव्हतं. आपण ज्याला "फुल इन्शुरन्स" म्हणतो त्यात दोन वेगळे करार एकाच कागदावर शेजारी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. एक तिसऱ्या पक्षाचा, जो प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे. ही सक्ती १९३९ च्या कायद्यात आली आणि १ जुलै १९४६ पासून लागू झाली. आज तो विमा नसताना पकडलं तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल ते त्यातून भागतं, आणि चुकीचा प्रश्न मुख्यतः तिथे येतो. दुसरा करार आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्यात कंपनीला एवढंच बघायचं असतं की लायसन होतं का, प्यायलेले नव्हता ना, आणि सांगताय तसं घडलं का. तुम्ही बरोबर होता की चूक, याने रकमेत एका रुपयाचा फरक पडत नाही. खांबाला जाऊन ठोकलं तरी तेच पैसे, आणि खांबाने येऊन ठोकलं तरी तेच. खांब येऊन ठोकल्याचे दावे कमी नसतात म्हणे. दाव्याच्या अर्जातलं गद्य हा मराठीतला एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे आणि त्यातला सर्वांत लाडका शब्द "अचानक". कुत्रा अचानक, रिक्षा अचानक, दुभाजकही अचानक.

भाऊजींच्या अर्जात "अचानक" नव्हतं. अर्जात अपघाताचा कच्चा नकाशा काढायला एक चौकोन असतो, साधारण पोस्टकार्डाच्या आकाराचा. लोक त्यात दोन आयतं आणि एक बाण काढतात. भाऊजींनी त्यात "सोबत जोडला आहे" असं लिहिलं आणि वेगळ्या आलेखपत्रावर, प्रमाण धरून, उत्तर दिशा दाखवून, दोन्ही गाड्यांचे मार्ग तुटक रेषेने आखून चौक उभा केला. कोपऱ्यात पानठेलाही होता. त्याखाली लिहिलं होतं, "अनधिकृत".

त्यांचा धाकटा भाऊ टोरांटोला असतो. त्याने फोनवर सांगितलं की दादा, तुमचा नकाशा इथे असता तर कामी आला असता. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात चूक ठरवायची सरकारी नियमावलीच आहे, आकृत्यांसकट. मागून ठोकलं, ही आकृती. वळताना ठोकलं, ती आकृती. उभ्या गाडीचं दार उघडलं आणि कोणी आदळलं, तर दार उघडणारा शंभर टक्के दोषी. हवा कशी होती, रस्त्यावर बर्फ होतं का, नीट दिसत होतं का, हे काही विचारायचं नाही. आपली आकृती शोधायची आणि टक्के वाचून घ्यायचे. भाऊजी दोन दिवस त्या नियमावलीच्या प्रेमात होते. मला मात्र काळजी वाटली ती नागपूरसाठी आकृत्या काढायला बसणाऱ्या माणसाची. रॉन्ग साईडने येणारी, आणि आपण रॉन्ग साईडने येतोय म्हणून माफक वेगात येणारी स्कूटर, वरातीतला घोडा, दुभाजक तोडून केलेली खासगी वाट, चालत्या मोपेडवरून शेजारच्या मोपेडशी गप्पा. त्याला वही पुरली नसती.

यंत्रांकडूनही भाऊजींना आशा होती. २०२१ मध्ये नागपुरात आयरास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला. महापालिकेच्या बसगाड्यांवर कॅमेरे लावून, धडक होण्याच्या आधीच ती ओळखून चालकाला सावध करायचं आणि रस्त्यावरच्या धोक्याच्या जागा आधीच हेरायच्या. चौकातून एखादी बस गेली असेल तर तिने बघितलं असेल, असा त्यांचा तर्क होता. पण ते यंत्र धडक टाळायला सांगतं. झाल्यावर कोणाची चूक हे सांगत बसत नाही. माणसांपेक्षा वेगळं वागतं ते एवढंच.

गाडी हिंगणा रोडच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि तिथे सर्व्हेअर आले. मला या व्यवसायाबद्दल आदर आहे. नुकसान पन्नास हजारांच्या वर असेल तर परवानाधारक सर्व्हेअरच लागतो. त्याखालचं काम कंपनी आपल्या माणसाकडूनही करून घेते. पूर्वी ते पेन्सिल घासून कागदावर चेसिस नंबरचा ठसा घेत, आता मोबाईलने व्हिडिओ काढतात, पण नजर तीच. ओरखड्याचा उतार पाहून ते धडक कुठून आली ते सांगतात, आणि डेंटच्या कडेला साठलेली धूळ पाहून तो याच अपघातातला की दिवाळीपासूनचा हेही सांगतात. भाऊजींच्या गाडीला मागच्या दारावर एक पोचा होता, सोसायटीच्या गेटचा. सर्व्हेअरने तिकडे बोट दाखवून नुसतं पाहिलं. भाऊजी लगेच म्हणाले, "तो धरू नका. तो जुना आहे." सर्व्हेअर क्षणभर गाडी विसरून त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने नकाशा हातात घेतला, मन लावून पाहिला, आणि म्हणाला, "साहेब, फार सुंदर काढला आहे. चूक तुमची असो नाहीतर त्याची, मला फक्त दार कुठून दबलं तेवढं लिहायचं आहे."

आता हिशेब. गाडी पाचव्या वर्षात होती, आणि "शून्य घसारा" म्हणजे लोक ज्याला झिरो डेप म्हणतात ते जोडकलम भाऊजींनी पैसे वाचवायला दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं. त्यामुळे घसाऱ्याचा मूळ तक्ता लागला. हा तक्ता वाचनीय आहे. प्लास्टिक आणि रबर यांची किंमत गाडी शोरूमच्या बाहेर पडल्या क्षणापासून निम्मी. धातू वयाप्रमाणे झिजतो: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षापर्यंत पाच टक्के, पुढे दहा, पंधरा, पंचवीस, पाचव्या वर्षात पस्तीस, दहा वर्षांपुढे पन्नास. काचेला मात्र घसारा नाही. जी वस्तू सर्वांत आधी फुटते तिला विमा कंपनी चिरतरुण मानते.

बिल झालं बावीस हजार. बंपर पाच हजारांचा, त्यातले अडीच मिळाले. पत्र्याचं काम सहा हजार, मिळाले तीन हजार नऊशे. दोन हजारांच्या आरशाचे एक हजार, कारण तो फुटला नव्हता, लोंबकळला होता आणि त्याचं घर प्लास्टिकचं होतं. मजुरी तीन हजार, पूर्ण. रंगाचे सहा हजार; त्यातला पाव हिस्सा रंगाचा माल समजतात आणि त्या पावातला निम्मा कापतात, म्हणून पाच हजार दोनशे पन्नास. एकूण पंधरा हजार सहाशे पन्नास, त्यातून छोट्या गाडीची सक्तीची हजाराची वजावट. हातात चौदा हजार सहाशे पन्नास.

एवढ्यावर थांबले असते तर माणूस सुखी होता. पण अभियंत्याने पुढचं गणित केलं. आधीच्या गाडीची वर्षं धरून सतत पाच वर्षं दावा न केल्यामुळे त्यांना हप्त्यात पन्नास टक्के सूट होती, नो क्लेम बोनसची. एक दावा केला की ती शून्यावर येते, आणि मग पुन्हा वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस अशी पायरी पायरीने चढते. त्यांच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता आठ हजारांचा. तो तसाच राहील असं धरलं तर पुन्हा पन्नासच्या पायरीवर पोचेपर्यंत गमावलेली सूट दहा हजार, वर अठरा टक्के जीएसटी. अकरा हजार आठशे. म्हणजे ठाणं, फोन, नकाशा, हिंगणा रोडच्या चकरा, या सगळ्याची निव्वळ प्राप्ती दोन हजार आठशे पन्नास. जीएसटीवर ते थोडं थांबले. आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा तो कर काढावा म्हणून जुलै २०२४ मध्ये गडकरींनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं, नागपूरच्याच आयुर्विमा कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये व्यक्तिगत पॉलिसींवरचा तो खरंच गेला. मोटारीवरचा राहिला. "मोटारवाल्यांची संघटना कुठे असते?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, पानठेल्यावर.

(रस्त्यावर ओरखडे मिरवत फिरणारी जी गाडी दिसते तिचा मालक गचाळ आहे असं मी पूर्वी समजत असे. आता कळतं की तो हिशेबी आहे.)

पण भाऊजींचा जीव पैशात नव्हताच. "नो क्लेम बोनस" हे त्यांच्या मते चांगल्या वागणुकीचं प्रमाणपत्र होतं, आणि दुसऱ्याने येऊन ठोकल्यामुळे ते त्यांचं काढून घेतलं होतं. कंपनीने नम्रपणे कळवलं की बोनस चूक न करण्याचा नसून दावा न करण्याचा आहे. तक्रार करायचीच तर विमा लोकपाल आहेत. लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे. न्याय मागायला पुण्याला जायचं, ही कल्पनाच अस्सल नागपूरकराच्या पचनी पडणारी नव्हती. तो मार्ग तिथेच बंद झाला.

उरला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा रस्ता. न मिळालेली रक्कम समोरच्याच्या तिसऱ्या पक्षाच्या विम्यातून मागता येते. खासगी गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साधारण साडेसात लाखांची मर्यादा असते, आणि भाऊजींचा दावा सात हजार तीनशे पन्नासचा. मर्यादेत बसत होता, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. तिथे चूक कोणाची हे खरोखर ठरवतात, न्यायाधीश ठरवतात आणि लेखी ठरवतात. एका सकाळी ते सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात गेले.

तिथे चूक कशी मोजतात याचा एक मासला त्यांना वकिलांनी वाचायला दिला. जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. कोइमतूरजवळ महामार्गावर पुढच्या कारने एकदम ब्रेक मारला. चालकाचं म्हणणं, गरोदर पत्नीला मळमळलं. मागच्या मोटरसायकलवरचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी कारवर आदळून पडला आणि मागून येणारी बस त्याच्या पायावरून गेली. पाय गेला. २०१८ च्या एका निकालात याच न्यायालयाने मागच्या गाडीने पुरेसं अंतर ठेवायलाच हवं होतं असं म्हणत ट्रकमागून दहा-पंधरा फुटांवर चाललेल्या कारवर बोट ठेवलं होतं. इथे न्यायमूर्तींनी चूक वाटून दिली: कारवाला पन्नास टक्के, बस तीस, आणि मुलगा स्वतः वीस. पत्नीला मळमळणं समजण्याजोगं आहे, पण महामार्गावर इशारा न देता थांबणं नाही. मुलाजवळ परवाना नव्हता आणि त्याने अंतरही ठेवलं नव्हतं, हेही खरं. कोणीच सगळा चुकला नव्हता आणि कोणीच सगळा बरोबर नव्हता. चौकातल्या पीठाला टक्के माहीत नाहीत. तिथे सोळा आणे नाहीतर शून्य.

तो निकाल भाऊजींनी व्हरांड्यातल्या बाकावर बसून वाचला. शेजारी कुबड्या टेकून एक पोरगा बसला होता. पलीकडे एक बाई, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद, तारीख विचारत होती. भाऊजींनी आलेखपत्र घडी करून खिशात घातलं. वकिलांना म्हणाले, "माझं काम तसं घाईचं नाही," आणि घरी आले. त्यानंतर त्या दाव्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही विचारलं नाही.

मात्र वाचायची सवय लागली ती लागली. रिकाम्या दुपारी त्यांनी आपली पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, जी वाचलेला दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. अटींच्या यादीत त्यांना एक रत्न सापडलं. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने कसलीही कबुली द्यायची नाही, देऊ करायचं नाही, वचन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. अर्थ सरळ आहे: चौकात "माझं चुकलं, किती झाले तुमचे?" म्हणून बसलात तर उद्या कंपनीने न्यायालयात भांडायचं कशाच्या जोरावर? कॅनडाच्या काही प्रांतांना ही भीती इतकी छळू लागली की त्यांनी क्षमायाचनेचे कायदेच केले. ब्रिटिश कोलंबियाने २००६ मध्ये, ऑन्टारियोने २००९ मध्ये: "सॉरी" म्हटलं म्हणून चूक कबूल केली असं धरता येणार नाही. तिथली माणसं सॉरी म्हटल्याशिवाय राहू शकत नाहीत, म्हणून त्यांना संरक्षण द्यावं लागलं. नागपुरात असा कायदा आणण्याची गरज पडलेली नाही. आमचा प्रत्येक चालक, पॉलिसीचं एक पान न उलटता, ही अट पहिल्या दिवसापासून तंतोतंत पाळत आला आहे. आयुष्यभर ज्यांना नियम मोडणारे समजत आलो ते सगळे चौकाचौकांत विमा कराराचं पालन करत उभे होते, या शोधाने भाऊजी बराच वेळ गप्प झाले.

आणि मग त्यांनीही ती अट मनावर घेतली. परवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ताई पूजेला बसली होती आणि गॅसवरच्या दुधाकडे बघायचं काम भाऊजींकडे होतं. ते मला घसाऱ्याच्या तक्त्यात काच वेगळी का, हे समजावून सांगत होते. दूध उतू गेलं. ताई देवघरातूनच ओरडली, "अहो, तुम्हाला एक काम सांगितलं होतं! चूक कोणाची आता?"

भाऊजी ओट्याकडे पाहत म्हणाले, "लेखी संमती आल्याशिवाय मला त्याबद्दल काही बोलता येणार नाही."

"मग तुमच्या कंपनीलाच बोलवा," ताई म्हणाली, "आणि फडकं सिंकखाली आहे म्हणून सांगा."